वानराचं पोट गाईच्या वळणाचं

ताई, नमस्कार.

आमचं गाव भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीला. माझे वडील, आप्पा, ७१ वर्षांचे आहेत. शेती थोडी, गोठ्यात दोन गाई. आई गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ते दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की परसामागच्या उंबराखाली वानरांना खाऊ घालतात. केळी, चपात्या, बिस्किटं. गेल्या महिन्यात शेजारच्या लग्नातला उरलेला भात आणि दोन पातेली बुंदी त्यांनी तिथेच नेऊन ओतली. अन्न टाकून द्यायला त्यांचा हात धजत नाही. तिसऱ्या दिवशी उंबराखाली एक तरणं वानर मरून पडलेलं सापडलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. गावाने भजन म्हणत त्याला पुरलं. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. तो सगळ्यांदेखत म्हणाला, 'आजोबा, तुमच्या बुंदीने मारलं त्याला.' तेव्हापासून आप्पा धड जेवत नाहीत, नातवाशी बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, 'माकड आणि माणूस एकाच वंशाचे म्हणता ना तुम्ही शिकलेले? मग माझ्या नातवाला पचतं ते त्याला का पचू नये?' मला उत्तर देता आलं नाही. खरंच त्यांच्या हातून झालं का हे? आणि मी त्यांना काय सांगू?

– एक लेक

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा आप्पांच्या त्या प्रश्नापाशी थांबले. तीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर सविस्तर देते, पण आधी आप्पांच्या छातीवरचं ओझं.

मेलेल्या जनावराचं पोट फुगतं, मग ते कशानेही मेलेलं असो. जीव गेला तरी पोटातले जिवाणू जिवंत असतात, ते वायू तयार करत राहतात आणि त्या वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही. वानराच्या पोटात तर असे जिवाणू मुळातच प्रचंड. विजेच्या तारेचा झटका, कुत्र्यांचा हल्ला, दुसऱ्या नराशी झालेली झुंज, कुणाच्या वावरातला औषध मारलेला भाजीपाला, यांतल्या कशानेही ते गेलं असतं तरी त्याचं पोट नगारा झालंच असतं. पोट फाडून तपासणी झालेली नाही. तेव्हा 'तुमच्या बुंदीने मारलं' हे वाक्य तुमच्या मुलाला म्हणता येत नाही, आणि सायन्सच्या विद्यार्थ्याला तर नाहीच नाही. पुराव्याशिवाय निकाल दिला त्याने, तोही आजोबांच्या तोंडावर, चारचौघांत. त्याने आप्पांची माफी मागायला हवी. माझं नाव घेऊन सांगा त्याला.

मात्र तुम्हाला खोटा दिलासाही देणार नाही. एवढा भात आणि एवढी बुंदी वानराच्या पोटाला घातक ठरू शकते. मुलाची शंका अगदीच हवेतली नव्हती. का, ते आप्पांना समजावायला पुस्तक लागणार नाही. ते त्यांना गोठ्यात समजेल.

माझ्या माहेरी एक गाय होती, कपिला. एकदा सुगीच्या दिवसांत रात्री दावं सोडवून ती ज्वारीच्या राशीला लागली. सकाळी पाहतो तर डावी कूस ताठ, कान गार, करकरा दात खाते आहे आणि जागची हलत नाही. आजोबांनी गोडेतेल पाजलं, डॉक्टरांनी येऊन खायच्या सोड्याचं पाणी पाजलं, दोन दिवस आम्ही कुणी नीट जेवलो नाही. कपिला वाचली. पण तिने खाल्लेलं विष नव्हतं. त्याच राशीतल्या ज्वारीच्या भाकरी आम्ही वर्षभर खाल्ल्या.

आप्पांनी आयुष्यात असं एखादं जनावर नक्की पाहिलं असणार. धान्य गाईला आफरा का करतं, हे त्यांना विचारा. ते म्हणतील, गाईचं पोट चाऱ्याचं आहे. बरोबर. गाईच्या कोटीपोटात जे जिवाणू नांदतात ते चाऱ्यातला चिवट धागा सावकाश आंबवणारे. त्यांच्यापुढे एकदम ढीगभर पिठूळ नाहीतर गोड माल आला की दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजतात, आम्ल भराभर साचतं, चाऱ्यावर जगणारे मरतात, फेस आणि वायू कोंडतो.

वानराचं पोट याच वळणाचं आहे.

१९६८ साली बॉशॉप आणि मार्टुची या दोघांनी लंगुरांच्या जठराचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. आपण ज्याला वानर म्हणतो, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, तोही त्यात होता. त्यांना दिसलं की या प्राण्याचं जठर आपल्यासारखी एक साधी पिशवी नाही. पुढे मोठाल्या फुगीर कप्प्यांची कोठी, आणि मागे नळीसारखा भाग, जिथे खरे पाचक रस सुटतात. पुढच्या कोठीत जिवाणूंची दाट वस्ती. तिथला सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५ ते ६.७, म्हणजे आंबटपणा अगदी सौम्य. आपल्या रिकाम्या पोटातला सामू दीड-दोनच्या आसपास असतो, त्या आम्लात हे जिवाणू तग धरणार नाहीत. पाला त्या कोठीत तासन्‌तास आंबतो, जिवाणू धागा फोडतात, आणि त्यातून शिरक्यातल्या आम्लाच्या जातीची जी आम्लं निघतात त्यांवर वानर जगतं. गाय करते तेच. वानर रवंथ करत नाही, एवढा फरक.

म्हणून तर ते वड-पिंपळाचा पाला, उंबराची कोवळी पानं, पळसाची फुलं खाऊन उन्हाळा काढू शकतं. आपण नुसत्या पिंपळाच्या पानांवर आठवडासुद्धा काढणार नाही.

आता आप्पांचा प्रश्न. वंश तर आपला आणि वानराचा जवळचा, मग पोट गाईसारखं कुठून आलं?

वंश जवळचा हे खरंच आहे. आपले आणि वानराचे पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. गाईच्या आणि आपल्या वंशाची फारकत साधारण ९ कोटी वर्षं जुनी. नात्याने मोजलं तर वानर आपल्या भावकीतलं आणि गाय पार परक्या कुळातली. पण पोट नात्यावर ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुढ्यात काय आलं आणि त्यातून कोण तगलं, यावर ठरतं. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी माकडांच्या कुळात दोन शाखा फुटल्या. एका शाखेने झाडाचा पाला धरला. तिच्यात आपलं वानर येतं. दुसरीने फळं, दाणे, कंद, किडे, जे सापडेल ते धरलं. तिच्यात लाल तोंडाचं माकड येतं, कोकणात ज्याला केल्डी म्हणतात ते. गावातले लोक या दोघांना वेगवेगळी नावं देतात ते उगाच नव्हे. केल्डीच्या गालात थैल्या असतात. दाणे कोंबून ती पळते आणि झाडावर बसून निवांत चघळते. तिच्या लाळेत पिष्ट फोडणारं अमायलेज भरपूर असतं, त्यामुळे दाण्यांचं पचन गालातच सुरू होतं. वानराच्या गालात थैली नाही. त्याची कोठी पोटात आहे.

पाल्याचं पोट नुसत्या आकाराने होत नाही. आतले रसही बदलावे लागतात. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती शिकवताना मी दर वर्षी खडू खाली ठेवत असे.

आपल्या अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम नावाचं विकर (एन्झाइम) असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ मध्ये, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी ओळखलं. त्याचं काम जिवाणूंच्या भिंती फोडणं. आपल्याकडे तो पहारेकरी, डोळ्यात आणि तोंडात उभा. गाईने मात्र त्याला चुलीवर बसवलं. कोटीपोटात वाढलेले अब्जावधी जिवाणू चाऱ्याबरोबर पुढच्या, खऱ्या पोटात उतरतात. तिथे लायसोझाइम त्यांच्या भिंती फोडतं आणि आतलं प्रथिन गाईला मिळतं. गाय चाऱ्यावर जगते असं आपण म्हणतो. ती चाऱ्यावर पोसलेल्या जिवाणूंवरही जगते.

पण खऱ्या पोटात आम्ल असतं आणि प्रथिनं कापणारं पेप्सिनही. साधं लायसोझाइम तिथे टिकत नाही, पेप्सिन त्याचेच तुकडे करतं. गाईचं लायसोझाइम बदललेलं आहे: ते आम्लात काम करतं आणि पेप्सिनला सहजी दाद देत नाही.

कॅलिफोर्नियात कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी वानराच्या जठरातलं लायसोझाइम घेतलं आणि त्याचा एकेक मणी मोजला. हे प्रथिन म्हणजे १३० अमिनो आम्लांची माळ. एकूण माळ पाहिली तर ती बबून माकडाच्या आणि माणसाच्या माळेशी जास्त जुळते, भावकीला शोभेल अशी. पण पाच जागी मणी बदललेले, आणि त्या पाचही जागी तेच मणी जे गाईच्या माळेत आहेत. १९८७ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. दोन परकी कुळं, नऊ कोटी वर्षांचं अंतर, आणि पाल्याच्या पोटाची तीच अडचण सोडवायला तेच बदल. गाईच्या कुळात त्यासाठी लायसोझाइमच्या जनुकाच्या प्रती वाढून दहाच्या घरात गेल्या. वानराने एकाच जनुकावर भागवलं. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या होआत्झिन या पाला खाणाऱ्या पक्ष्यातही याच धाटणीचे बदल सापडले.

व्हिएतनाम-लाओसच्या जंगलात डूक नावाचं वानराचं भाऊबंद आहे. जिवाणूंच्या शरीरात आरएनए हा नायट्रोजन असलेला रेणू फार असतो आणि त्यातला नायट्रोजन वाया घालवून पाला खाणाऱ्याला चालत नाही. डूकमध्ये आरएनए फोडणाऱ्या स्वादुपिंडाच्या विकराचं जनुक दुणावलं. एक प्रत जुनंच काम करत राहिली, दुसरी त्याच्या आतड्यातल्या किंचित आंबट वातावरणाला जुळवून घेत गेली: माणसाचं हे विकर ७.४ सामूला उत्तम चालतं, डूकचं नवं ६.३ ला. जियानझी झांग आणि सहकाऱ्यांनी हे २००२ मध्ये दाखवलं. तुमच्या मुलाच्या बारावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे. हे उदाहरण त्याला वाचायला आवडेल.

आणि नातवाला बुंदी का पचते? कारण त्याचं पोट दुसऱ्याच वाटेने आलं. आपल्या कुळाच्या मुळाशी असलेले लहानखुरे प्राणी किडे खात. किड्यांच्या कवचातलं कायटिन पचवायला जठरात कायटिनेज लागतं. आग्नेय आशियाच्या बेटांवरचा टार्सियर, माकडांचा चिमुकला दूरचा नातलग, आजही निव्वळ किडे आणि छोटे जीव खातो. त्याच्याकडे या विकराची पाच जनुकं आहेत. आपल्याकडे चालू स्थितीत एकच उरलंय, बाकीची मोडक्या अवस्थेत आपल्या पेशींत पडून आहेत. वासराच्या जठरात दूध साकळवणारं कायमोसिन असतं, ज्यावर चीज बनतं. त्याचंही जनुक आपल्यात मोडलेलंच आहे. उलट लाळेतल्या अमायलेजची जनुकं वाढली. चिंपांझीत त्यांच्या दोन प्रती असतात, माणसात अनेकदा सहा-सात, कुणाकुणात पंधरापर्यंत. २००७ मधल्या एका अभ्यासात पिष्टमय अन्न जास्त खाणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीने अधिक सापडल्या. भात तोंडात घोळवला की गोड लागतो तो यामुळे. आपल्या जठरात जिवाणूंची कोठी नाही, तिथे आंबून फुगायला काही उरत नाही. शिजवलेला भात आणि साखर वेगाने पुढे सरकते आणि आतड्यात शोषली जाते. नातवाच्या पोटात जी बुंदी वाटेने निघून जाते ती वानराच्या कोठीत अडकते.

वानर नाजूक प्राणी आहे असं मात्र मनात घेऊ नका. पाला खाणाऱ्या माकडांत आपलं वानर सगळ्यांत सोशिक. ते पिकलेली फळंही खातं, शेतातला हरभराही. जोधपूरच्या आसपास भाविक लोक वानरांच्या टोळ्यांना कित्येक पिढ्या चपात्या, भाजीपाला देत आले आहेत आणि त्या टोळ्या टिकून आहेत. रोज थोडं थोडं मिळालं तर कोठीतले जिवाणू हळूहळू जुळवून घेतात, जशी गाय खुराकाला सरावते. तेव्हा सहा वर्षं दर शनिवारी एखादं केळं आणि चतकोर चपाती देऊन आप्पांनी वानरं मारली नाहीत. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांना ते ऐकायची गरज आहे. धोका आहे तो एकदम आलेल्या ढिगाचा. दोन पातेली बुंदी म्हणजे कपिलासमोरची ज्वारीची रास.

तरीही शनिवारचं खाऊ घालणं बंद करावं असंच माझं मत आहे, आणि त्याचं कारण पोटापुरतं नाही. माणूस म्हणजे खाऊ, हे एकदा वानरांच्या पिल्लांनी शिकलं की ती पिशव्या ओढतात, कौलं उचकटतात, घाटात गाड्यांखाली येतात. मग तेच गावकरी, जे शनिवारी हात जोडतात, सोमवारी दगड उचलतात. याचा त्रास शेवटी वानरांनाच होतो. शिवाय डोंगर जवळ आहे. आप्पांनी हात आखडला म्हणून ती उपाशी राहणार नाहीत. काही आठवडे येतील, उंबराखाली वाट बघतील. तो काळ आप्पांना जड जाईल. त्या दिवसांत त्यांना एकटं परसात बसू देऊ नका.

आईच्या माघारी सुरू झालेला नेम आहे हा, तो हिसकावून घेऊ नका. शनिवारचं तेल, रुईची माळ, सगळं चालू राहू दे. केळी देवळाबाहेरच्या पोरांना वाटता येतात. चपाती गोठ्यातल्या गाईला गोग्रास म्हणून एक, दोन नव्हेत, हे आप्पांना सांगायला नको. आणि वानरांसाठीच काही करायचं मनात असेल तर पावसाळ्यात उंबर, वड, पिंपळ, जांभूळ लावा. घराजवळ नको, वावराच्या आणि रस्त्याच्या लांब, डोंगराच्या अंगाला, वनखात्याला विचारून. आईच्या नावाने लावली तर आप्पा स्वतः पाणी घालायला जातील.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. मेलेलं वानर दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते येईपर्यंत उघड्या हातांनी शिवू नका. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. तो आजार गोचिडींतून पसरतो आणि त्यात वानरं-माकडंही मरतात. तुमच्या भागात तो असेल असं नव्हे, पण काळजी तेवढी घ्यावी. त्यांनी तपासणी केली तर मरणाचं कारणही कळतं आणि घरात असं भांडण होत नाही. भजन म्हणायला कुणाची ना नाही. तपासणीनंतरही म्हणता येतं.

आता मुलाचं. माफी मागितल्यावर त्याला आप्पांबरोबर गोठ्यात बसवा आणि त्यालाच त्यांना विचारू दे: गाय धान्याला लागली तर काय होतं, कूस कुठली फुगते, ओळखायचं कसं, पाजायचं काय. आप्पा ते सगळं सांगतील. सांगून झालं की मग त्याने लायसोझाइमच्या माळेतल्या त्या पाच मण्यांची गोष्ट आजोबांना सांगावी. आपल्या गाईच्या पोटातली युक्ती मारुतीच्या वानराच्या पोटातही आहे, हे ऐकून आप्पांना काय वाटेल ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना नातवाकडून मिळावं असं मला फार वाटतं.

आणि आफऱ्यावर आप्पा काय पाजतात ते मला लिहून कळवा. आमच्याकडे गोडेतेल होतं, भोरकडची रीत वेगळी असेल.